नायलॉनच्या तारांची गिटार घेण्याआधी घोंघावणारा सूर शोधा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या या वाचक भावगीत आणि गझलांच्या कार्यक्रमांत गिटारची साथ करतात. सोबतीला तबला, हार्मोनियम, कधी कीबोर्ड. दीडदोनशे खुर्च्यांची सभागृहं, गणेशोत्सवात उघडे मंडप. सध्या त्यांच्याकडे स्टीलच्या तारांची, मोठ्या अंगाची सेमी-अकूस्टिक गिटार आहे. शिकताना घेतलेली साधी क्लासिकल गिटार घरी पडून आहे. मुख्य गायिकेची पट्टी काळी चार, म्हणून त्या चौथ्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या चौथ्या पट्टीवर) कापो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावून ई कॉर्डच्या आकाराने वाजवतात. स्टेजवर गिटार घोंघावते, ‘सा’वर आलं की जास्तच. शिवाय गायिकेला स्टीलचा आवाज टोचतो. म्हणून नायलॉनच्या तारांची, आतच पिकअप (तारांचं कंपन विजेत बदलून स्पीकरकडे पाठवणारा भाग) असलेली गिटार घ्यायचं चाललं आहे. बजेट ४०,००० रुपये. दुकानदार आवाजाचा पोत बदलायचे पाच स्लायडर आणि ट्यूनरवाली ‘फुल पॅक’ गिटार सुचवतो. तबलजी म्हणतात, घरातल्या गिटारलाच पिकअप लावा. हात लहान असल्यामुळे रुंद नेकची धास्ती वाटते. प्रश्न असे: कोणती घ्यावी, घरातली चालेल का, आणि स्टीलची विकून टाकावी का?

तुमच्या पत्रात दोन तक्रारी एका दमात आल्या आहेत, आणि दोन्हींवर तुम्ही एकच औषध शोधता आहात. आवाज टोचतो, ही तक्रार तारांची आहे. गिटार घोंघावते, ही गिटारच्या पोटातल्या हवेची आहे. नायलॉनने पहिली नक्की मिटेल. दुसरी मिटणार नाही. चुकीची गिटार घेतलीत तर ती वाढेल, कारण नायलॉनच्या गिटारची वरची फळी पातळ आणि हलकी ठेवलेली असते आणि स्पीकरचा आवाज तिला लवकर हलवतो.

‘सा’वर आलं की जास्त घोंघावते, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. मोठ्या अंगाच्या गिटारच्या पोटातल्या हवेचा एक स्वतःचा सूर असतो. तो बहुतेक ९० ते ११० हर्ट्‌झच्या दरम्यान पडतो, मग गिटार स्टीलची असो की क्लासिकल. आता तुमचा हिशोब मांडा. सहावी तार मोकळी वाजली की ८२ हर्ट्‌झ. चौथ्या फ्रेटवर कापो लावला की तीच तार १०४ हर्ट्‌झवर, म्हणजे खर्जातल्या काळी चारवर बोलते. गायिकेचा षड्ज आणि तुमच्या गिटारच्या पोटातला सूर जवळजवळ एकाच जागी आले आहेत. मॉनिटरमधून, म्हणजे वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरमधून, तो सूर परत पोटात शिरतो, पोट तो मोठा करतं, पिकअप पुन्हा उचलतो, आणि फेरा सुरू होतो. यात दोष ना साउंडवाल्याचा, ना तुमच्या हाताचा.

खात्री करायची तर कापो काढा, गिटार स्पीकरला जोडा आणि सहावी तार पहिल्या फ्रेटपासून सातव्यापर्यंत एकेक करून सारख्याच जोराने छेडा. दोन-तीन लागोपाठच्या फ्रेटवर आवाज फुगेल. त्यातला सर्वांत फुगलेला सूर कागदावर लिहून ठेवा. नवी गिटार बघायला जाल तेव्हा हाच प्रयोग तिथे करायचा आहे.

पैसे खर्च करण्याआधी पुढच्या कार्यक्रमात आहे त्याच गिटारवर एवढं करून पाहा. साउंडहोलवर (गिटारच्या मधल्या गोल भोकावर) बसणारं रबरी झाकण मिळतं, ते लावा. पोटात हवा येण्याजाण्याची वाटच बंद झाली की तो सूर बराच दबतो. घरी बसून ऐकताना आवाज जरा बंद वाटेल, पण प्रेक्षकांना स्पीकरमधला ऐकू येतो आणि त्यात फारसा फरक पडत नाही. मिक्सरवर तुमच्या चॅनेलचा लो-कट दाबायला सांगा. तो साधारण ८० ते १०० हर्ट्‌झपासून खालचं कापतो आणि कापो चौथ्यावर असताना तुमचा सर्वांत खालचा सूरच १०४ आहे, म्हणजे गमावण्यासारखं काही नाही. तिसरी गोष्ट जागेची. १०४ हर्ट्‌झच्या लाटेची लांबी सव्वातीन मीटरच्या आसपास भरते, त्यामुळे खुर्ची किंवा मॉनिटर दीडेक मीटर सरकवला तरी घोंघावणं एकदम कमी किंवा एकदम जास्त होऊ शकतं. साउंड चेकच्या वेळी हे करून घ्यायला पाच मिनिटं पुरतात, आणि ती पाच मिनिटं साउंडवाल्याकडून हक्काने मागा.

एवढं करून घोंघावणं गेलं आणि फक्त टोचणं उरलं, तर तुमच्या खरेदीचं स्वरूपच बदलतं. मग पोटाची भीती बाळगायचं कारण नाही आणि तुम्ही आवाजाकडे बघून गिटार निवडू शकता.

पिकअपबद्दल एक गैरसमज आधी दूर करायला हवा, कारण तबलजींच्या सल्ल्यातला धोका तिथेच आहे. साउंडहोलमध्ये अडकवायचे स्वस्त पिकअप बाजारात मिळतात, त्यांतले बरेचसे चुंबकी असतात. ते स्टीलच्या तारांसाठी आहेत. नायलॉनच्या संचातल्या पहिल्या तीन तारा निव्वळ नायलॉनच्या, आणि चौथी, पाचवी, सहावी यांत नायलॉनच्या धाग्यांवर चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची तार गुंडाळलेली असते. लोखंड कशातच नाही. चुंबकाला तिथे धरायला काही मिळत नाही आणि आवाज येत नाही. म्हणून नायलॉनच्या गिटारमध्ये जवळजवळ सगळीकडे पिएझो असतो: सॅडलखाली (अंगाकडच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात तिच्याखाली) बसवलेली एक पातळ पट्टी, जिच्यावरचा दाब बदलला की वीज निर्माण होते.

ही पट्टी दाब मोजते, हवेतला आवाज ऐकत नाही. खोलीत बसून ऐकलेली गिटार आणि जॅक लावून ऐकलेली गिटार यांत म्हणूनच फरक पडतो आणि तो महागड्या गिटारमध्येही पडतो. जोरात छेडलं की पिएझो ‘टक्’ करून प्लास्टिकसारखा वाजतो. मिक्सरवर दीड ते तीन किलोहर्ट्‌झच्या पट्ट्यात तीन-चार डेसिबल कमी केले आणि थोडा रिव्हर्ब (घुमारा) दिला की तो बराच माणसाळतो. दुकानात रिव्हर्ब लावूनच गिटार ऐकवतात, तेव्हा तो आधी बंद करायला सांगा.

आता अंगाकडे वळू, कारण तुमच्यासाठी निवड खरं तर इथे ठरते. पूर्ण खोलीचं क्लासिकल अंग बैठकीत, लहान खोलीत, माइकसमोर अप्रतिम वाजतं. तबला आणि कीबोर्ड शेजारी, समोर मॉनिटर, पुढे मंडप अशा ठिकाणी ते तुम्हाला सतत सांभाळावं लागेल. पातळ अंगाच्या गिटारमध्ये पोटातला सूर थोडा वर सरकतो आणि त्याचा जोर ओसरतो. जगभर गोंगाटाच्या स्टेजवर नायलॉन वाजवणाऱ्यांनी हीच वाट धरली. गिब्सनने १९८२ साली अमेरिकी गिटारवादक चेट अॅटकिन्सच्या नावाने नायलॉनची जी गिटार काढली, तिला पोकळ पोटच जवळजवळ ठेवलं नाही. कॅनडातल्या गोदिनच्या मल्टिअॅकमध्ये अंगात फक्त लहान पोकळ्या असतात. या टोकाला जायची तुम्हाला गरज नाही, कारण अशा गिटारला जॅक लावल्याशिवाय आवाजच नसतो आणि रोजचा रियाझ तुम्ही घरी बिनाजॅकचा करत असणार.

मापं डोळ्यांसमोर यावीत म्हणून यामाहाच्या दोन गिटारी शेजारी ठेवून पाहा. एनसीएक्स-१ चा नट (नेकच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी) ५२ मिमी रुंद, अंगाची खोली ९४ ते १०० मिमी, म्हणजे क्लासिकलची बहीण. एनटीएक्स-१ चा नट ४८ मिमी, खोली ८० ते ९० मिमी आणि नेक अंगाला चौदाव्या फ्रेटवर मिळते. वरची फळी दोन्हींची सलग (थर न चिकटवता केलेल्या) स्प्रूस लाकडाची. कंपनी कुठलीही घ्या, पण तुमच्या कामाला दुसऱ्या मापाची गिटार शोभते. पातळ अंग, कटअवे (वरच्या फ्रेटपर्यंत हात पोचावा म्हणून अंगाला दिलेली खाच), चौदाव्या फ्रेटवरचा जोड, ४८ मिमीच्या आसपासचा नट.

चौदाव्या फ्रेटवरच्या जोडाचा आग्रह कापोमुळे आहे. चौथ्या फ्रेटवर कापो बसला की तुमच्या लेखी फिंगरबोर्ड तिथूनच सुरू होतो. बाराव्या फ्रेटला अंगाशी मिळणाऱ्या गिटारवर तुमच्या हाताला अंगाबाहेर आठच फ्रेट उरतात, चौदावाल्यावर दहा. आलापाच्या मागे वरच्या सप्तकात दोन सूर घ्यायचे झाले की हा फरक लगेच जाणवतो.

कापोचं आणखी एक दुखणं आहे आणि ते गिटार घरी आल्यावरच कळतं. क्लासिकल गिटारचा फिंगरबोर्ड सपाट असतो, स्टीलच्या गिटारचा किंचित गोलसर. तुमचा सध्याचा कापो गोलाईचा असणार. सपाट फिंगरबोर्डवर तो कडेच्या तारा घट्ट दाबतो आणि मधल्या तारा सैल सोडतो, मग तिसरी-चौथी तार खरखरते आणि माणूस नेकला दोष देत बसतो. क्लासिकलसाठी वेगळा, रुंद आणि सपाट पट्टीचा कापो मिळतो. ४८ मिमीच्या बऱ्याच गिटारींना हलकी गोलाई दिलेली असते, तिथे तुमचा कापो चालूही शकेल. दुकानात जाताना तो बरोबर न्या. कापो लावल्यावर नायलॉनची तार सुरात वर चढते, विशेषतः तिसरी, त्यामुळे दाब बदलता येणारा स्क्रूचा कापो स्प्रिंगवाल्यापेक्षा बरा.

पट्टी बदलण्याचंही लक्षात असू द्या. काळी चार हवी असेल तर पहिल्या फ्रेटवर कापो आणि जी कॉर्डचा आकार, हाही मार्ग आहे. पहिल्या कडव्याला एक आणि दुसऱ्याला दुसरा घेतलात तर साथीला रंग येतो. या आकारात खर्जाचा सा तिसऱ्या फ्रेटच्या बोटाने दाबलेला असतो. बोट जरा सैल केलं की तो लगेच गप्प होतो, मोकळी तार मात्र वाजतच राहते. घोंघावणं आवरायला याचीही मदत होते.

हात लहान असल्याची धास्ती मला अर्धीच खरी वाटते. स्टीलच्या गिटारचा नट ४३-४४ मिमी असतो, म्हणून ५२ ऐकल्यावर पोटात गोळा येतो. पण लहान हाताला रुंदीइतकीच नेकची जाडी छळते, आणि बऱ्याच क्लासिकल गिटारींची नेक मागून जाड, चपट्या पाठीची असते. शिवाय ही रुंदी उजव्या हातासाठी ठेवलेली आहे. नायलॉनची तार जास्त झुलते आणि बोटांनी छेडताना दोन तारांमध्ये बोट शिरायला जागा लागते. ४३ मिमी नटाच्याही नायलॉन गिटारी मिळतात. त्या डाव्या हाताला पहिल्या दिवशी सोप्या वाटतील, पण भावगीतामागे संथ आर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकामागून एक) वाजवताना उजव्या हाताची बोटं शेजारच्या तारेला लागतील. तुम्ही साथ करता, तेव्हा उजव्या हाताची सोय आधी पाहा. ४८ हा तुमच्यासाठी चांगला तोडगा आहे. दुकानात एफचा बार कॉर्ड पंधरा मिनिटं अधूनमधून धरून पाहा. दोन मिनिटांत काही कळत नाही, अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागतं ते दहाव्या मिनिटानंतर.

दुकानदाराचे पाच स्लायडर आणि ट्यूनर. दुकानदार वाईट सांगत नाही, पण जी गोष्ट दिसते तीच तो विकतो. ट्यूनर हेडला चिमट्याने लावायचा वेगळा मिळतो, काही शे रुपयांत काम भागतं आणि बिघडला तर फेकता येतो. प्रीअँपमधला (पिकअपचा आवाज वाढवणाऱ्या, गिटारमध्येच बसवलेल्या डब्यातला) ट्यूनर बिघडला तर गिटारच्या कुशीतला अख्खा डबा उघडावा लागतो. त्या डब्यासाठी कुशीच्या लाकडात खिडकी कापलेली असते आणि प्रत्येक डब्याचं माप निराळं. गिटार तीस वर्षं टिकते, प्रीअँप तितका टिकत नाही. दहा वर्षांनी त्याच मापाचा डबा मिळाला नाही तर तुमच्या सुंदर गिटारला एक निकामी भोक उरतं. म्हणून लहान खिडकीचा किंवा साउंडहोलच्या कडेला आतून बसवलेला, दोन-तीन नॉबचा प्रीअँप मी अधिक पसंत करेन. नाव असलेल्या कंपनीचा असेल तर दुरुस्तीची आशा तरी राहते.

प्रीअँपवर तुम्हाला खरोखर उपयोगी पडतील अशा दोनच गोष्टी आहेत, नॉच आणि फेज. नॉच म्हणजे अरुंद पट्ट्यातला एकच सूर कापणारा नॉब. बऱ्याच छोट्या मिक्सरवर मिडचा नॉब शंभर हर्ट्‌झपर्यंत खाली येतच नाही आणि बासचा नॉब कमी केला की सगळीच गिटार पोकळ होते. तुमचा शत्रू एका सुरावर बसला आहे, तेव्हा नॉच त्याच्यावर नेमका ठेवता येतो. फेजचं बटण स्पीकरचा आवाज आणि फळीचं हलणं यांचं नातं उलटं करतं. दाबून पाहायचं, कमी घोंघावलं तर तसंच ठेवायचं. गिटारमध्ये या दोन्ही नसतील तरी अडत नाही, त्या असलेला बाहेरचा प्रीअँप-डीआय (डीआय म्हणजे गिटारचा आवाज मिक्सरला मानवेल असा करून देणारा डबा) घेता येतो, आणि गिटार बदलली तरी तो तुमच्याकडेच राहतो.

बॅटरीबद्दल एवढंच की बहुतेकांत नऊ व्होल्टची असते आणि जॅक आत घातला की प्रीअँप चालू होतो. मध्यंतरात केबल तशीच ठेवली तर बॅटरी खर्च होत राहते. उतरत आलेली बॅटरी आधी मोठ्या सुरांवर आवाज फाटून खुणावते. महत्त्वाच्या कार्यक्रमाला नवी घाला.

आता घरातल्या गिटारकडे येऊ. तबलजींचा सल्ला मोडीत काढू नका. त्या गिटारची नेक सरळ असेल, ब्रिज (तारा बांधतात तो लाकडी तुकडा) फळीपासून उचललेला नसेल आणि बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेखालची उंची ४ मिमीच्या आत असेल, तर ती कामाची आहे. सहा इंची स्टीलची पट्टी घेऊन मोजा: सहावी ४, पहिली ३ मिमी ही क्लासिकलची नेहमीची मापं. पिकअप लावण्याचे तीन मार्ग आहेत. केएनए कंपनीच्या एनजी मालिकेतला पिकअप ब्रिजवर तारा बांधतात त्या पट्टीवर बसतो, गिटारला भोक पाडावं लागत नाही आणि हवा तेव्हा काढता येतो. के अँड के कंपनीचा पिकअप फळीला आतून, ब्रिजच्या खाली चिकटवतात. त्याचा आवाज लाकडाला जास्त जागतो, पण तुमच्या स्टेजवर तो घोंघावण्यालाही तितकाच जागेल. तिसरा मार्ग सॅडलखाली पिएझो बसवण्याचा. तो जाणकार कारागिराकडूनच करून घ्या, कारण सॅडलची खाच तळाशी तंतोतंत सपाट नसेल तर एखादी तार गप्प होते.

यातले पहिले दोन पिकअप बॅटरीशिवाय चालतात, म्हणून थेट मिक्सरच्या साध्या लाइन इनपुटला लावले तर आवाज बारीक, पत्र्यासारखा येतो. पिएझोला फार उच्च इंपिडन्सचं इनपुट लागतं, किमान १ मेगाओम, १० असेल तर उत्तम. ते न मिळाल्यास खर्ज गळून पडतो. मध्ये अॅक्टिव्ह डीआय किंवा अकूस्टिकचा प्रीअँप हवाच. उलट ज्या गिटारमध्ये प्रीअँप आहे तिला साधा पॅसिव्ह डीआयही पुरतो. पिकअप खराब म्हणून परत करणाऱ्या कितीतरी जणांचा घोटाळा इथे झालेला असतो.

पिकअप लावून घरातली गिटार चार-पाच कार्यक्रमांत वाजवा, असं मी सुचवेन. नायलॉन तुमच्या साथीला मानवतो का, गायिकेला तो आवाज आवडतो का आणि ५२ मिमीचा हाताला खरंच त्रास होतो का, हे त्यात कळेल. नवी गिटार घेतलीत तरी हा पिकअप आणि डीआय वाया जात नाही. अमेरिकी गायक विली नेल्सन पन्नासहून जास्त वर्षं जी गिटार वाजवत आला, ती १९६९ साली घेतलेली मार्टिनची साधी नायलॉन गिटार आहे आणि तिच्यात दुसऱ्या, मोडलेल्या बाल्डविन गिटारमधला पिकअप काढून बसवलेला आहे. लावलेला पिकअप कारखान्यातल्या पिकअपहून कमी प्रतीचाच असतो असं नाही.

एकच विनंती: घरातल्या क्लासिकलवर स्टीलच्या तारा चढवून ‘मोठा आवाज’ काढायचा मोह कधी होऊ देऊ नका. नायलॉनच्या सहा तारांचा एकूण ताण चाळीस किलोच्या आसपास, स्टीलचा सत्तरच्या पुढे. ब्रिज उपटून येतो.

नवी गिटार बघायला जाल तेव्हा स्वतःची केबल आणि कापो न्या. दुकानात इलेक्ट्रिक गिटारच्या अँप्लिफायरला जोडू देऊ नका, त्याचा स्पीकर वरचे सूर दाखवतच नाही. कीबोर्डचा अँप्लिफायर, अकूस्टिकचा किंवा साधा पीए स्पीकर मागा. सगळे नॉब मध्यावर. मग डोळे मिटून सहाही तारा एकेक, सारख्या जोराने छेडा. नायलॉनमध्ये सर्वांत जास्त बिघाड इथे सापडतो: पहिली किंवा दुसरी तार दबलेली, तिसरी फुगलेली. सगळ्या तारांचा दाब पट्टीवर सारखा पडत नसतो म्हणून हे होतं. हा दोष ईक्यूचे (खालचे-वरचे सूर कमीजास्त करायचे) नॉब फिरवून जात नाही. दुकानदार ‘तारा नवीन आहेत, सेट होतील’ म्हणेल. नव्या नायलॉनच्या तारा चार-सहा दिवस उतरत राहतात हे खरं, पण त्याने सूर उतरतो, एका तारेचा आवाज दबत नाही. तशी गिटार घेऊ नका, त्याच मॉडेलची दुसरी काढायला सांगा.

मग बारावा फ्रेट दाबून आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता नुसत्या स्पर्शाने निघणारा सूर) वाजवून ट्यूनरवर दोन्ही जुळतात का पाहा. आवाज पूर्ण वाढवून हात बाजूला घ्या आणि सळसळ ऐका. हम (सततची विजेची गुणगुण) असेल तर तारांना हात लावून तो जाणार नाही, नायलॉन वीज वाहत नाही. जॅकच्या धातूला बोट लावा. त्याने हम कमी झाला तर अर्थिंग किंवा शील्डिंगमध्ये खोट आहे. दुकानाची वायरिंगही दोषी असू शकते, म्हणून दुसऱ्या गिटारवर ताडून पाहा. केबल हलकेच हलवून खरखर येते का, जॅकचा नट सैल आहे का, हेही बघा. सैल नट फिरत राहिला की आतली वायर तुटते, आणि ती हमखास स्टेजवर तुटते.

अॅक्शन (फ्रेटपासून तारांची उंची) जास्त असेल तर सॅडल घासून कमी करता येते, पण नायलॉन पिएझोमध्ये जपून. बाराव्या फ्रेटवर अर्धा मिमी उतरवायचा तर सॅडल एक मिमी घासावी लागते. सॅडल फार बुटकी झाली की तारेचा तिच्यावरचा कोन कमी होतो, दाब घटतो आणि पिकअपचा आवाज कमजोर होतो. म्हणून घेतानाच सहावीखाली साडेतीन, पहिलीखाली अडीच ते तीन मिमी असलेली आणि नेकमध्ये ट्रस रॉड (नेकचा बाक सुधारायची आतली सळई) असलेली गिटार निवडा. खऱ्या क्लासिकलमध्ये ट्रस रॉड बहुधा नसतो. कोकणात तो असलेला बरा.

कोकणातला पावसाळा हे त्याचं कारण. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. तुमच्याकडे जून ते सप्टेंबर ती कितीतरी वर असते, फळी फुगते, ब्रिज वर येतो, अॅक्शन वाढते. कडक केस घ्या, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि छोटा हायग्रोमीटर ठेवा, पुड्या ओल्या झाल्या की बदला. डिसेंबरात विदर्भात-मराठवाड्यात कार्यक्रमाला गेलात तर याच पुड्या काढून ठेवा. तिथल्या कोरड्या हवेत फळीला तडा जायची भीती असते.

४०,००० पैकी सात-आठ हजार गिटारबाहेर ठेवा: डीआय, पाच मीटरची चांगली केबल, कापो, तारांचे दोन संच, सेटअप आणि हायग्रोमीटर. गिटारवर उरलेल्या रकमेत सलग फळीची मिळाली तर छान. साउंडहोलच्या कडेवर बघा, वरच्या रेषा आत वळून तशाच खाली उतरताना दिसल्या तर फळी सलग आहे. थर दिसले तर लॅमिनेट. रोज घरी दोन तास वाजवत असाल तर सलग फळीसाठी थोडं ताणा. गिटार मुख्यतः स्टेजवरच वाजणार असेल तर लॅमिनेटला नाक मुरडू नका, ती कमी घोंघावते आणि हवामान सोसते.

आणि शेवटचा प्रश्न, स्टीलची गिटार विकायची का. नको. नायलॉनवर पिकने ठोकलेली लय कीबोर्ड आणि तबल्याच्या गर्दीत मऊ पडून हरवते. चालीचं, उडतं गाणं आलं की स्टीलची तार अजूनही तुमच्या कामाची आहे. रबरी झाकण लावून आणि पट्टीनुसार आकार बदलून ती वाजवा. गायिकेला टोचतं त्याचा बराच भाग नव्या, चकचकीत ब्रॉन्झ तारांचा असू शकतो. कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी तारा बदला, आदल्या दिवशी नको, आणि गझलेच्या वेळी पिकऐवजी बोटांच्या पेरांनी वाजवून त्यांना ऐकवा.